जिना चढणीचा आहे, उतरणीचं काय?

प्रति,
मा. बॉब फर्ग्युसन,
गव्हर्नर, वॉशिंग्टन राज्य,
ऑलिंपिया

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र इंग्रजीत आपल्या कार्यालयाकडे वेगळं पाठवते आहेच. इथे मराठीत लिहिण्याचं कारण असं, की सिएटल आणि आसपास आम्ही मराठी माणसं पुष्कळ आहोत. इथली स्वस्त वीज आम्ही वापरतो. आमच्यातल्या अनेकांचे पगार ज्या कंपन्यांतून येतात, त्यांची डेटा सेंटर कोलंबिया नदीच्या विजेवर चालतात. पण त्या नदीतल्या सॅमन माशांचा आणि त्यांची वाट अडवणाऱ्या धरणांचा विषय आमच्या गणपतीत निघत नाही की दिवाळीच्या फराळाला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसंच समजा.

मी चिपळूण तालुक्यातली. मृगाचा पाऊस दणकून कोसळला आणि ओढे-पऱ्हे भरून वाहू लागले, की आमच्याकडे मासे उलटे फिरतात. नदीतून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भातखाचरात, पाण्याच्या लोंढ्याविरुद्ध, अंडी घालायला. त्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतो. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या वर्षी सिएटलच्या बॅलर्ड लॉक्सला, म्हणजे बोटींच्या जलद्वारांपाशी, माशांसाठी बांधलेल्या जिन्याची ती काचेची खिडकी पाहिली आणि पलीकडे पाण्याशी झुंजणारा सॅमन दिसला, तेव्हा तो काय करतोय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. (आईने फोनवर विचारलं, म्हणजे रावस का? मुंबईच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात खरं, पण नात्यागोत्याने तो याचा कुणी लागत नाही.)

फरक अंतराचा आहे. आमचा मासा चार शेतं चढतो. आयडाहोतल्या रेडफिश तलावाचा सॉकाय सॅमन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर पोहतो आणि जवळजवळ २,००० मीटर उंची गाठतो. नदीत शिरल्यावर तो खातही नाही, अंगावरच्या चरबीवर हे सगळं करतो. तलावाला रेडफिश हे नाव या लालभडक माशांवरूनच पडलं. १९९२ साली तिथे एकच मासा पोचला, तो नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोन्सम लॅरी. एकटा लॅरी. त्याचं वीर्य गोठवून ठेवून शास्त्रज्ञांनी तो वंश कसाबसा टिकवला.

या वाटेवर आठ धरणं आहेत. कोलंबियावर बॉनव्हिल, द डॅल्स, जॉन डे, मॅकनेरी. मग कोलंबियाची उपनदी स्नेक, तिच्यावर आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनाइट. शेवटची चार आपल्या राज्यात आहेत. आठही धरणांना माशांसाठी जिने आहेत. खिडकीपाशी माणसं बसून वर जाणारा मासा नि मासा मोजतात आणि रोजचे आकडे जाहीर होतात. पाहुण्यांना आपण तोच जिना दाखवतो. मीही दाखवते.

पण जिना चढणीचा आहे. खरा घात उतरणीत होतो, आणि तो खिडकीतून दिसत नाही. डोंगरातल्या झऱ्यांत जन्मलेली बोटभर लांबीची पिल्लं वसंतात बर्फ वितळलं की पाण्याच्या लोटाबरोबर समुद्राकडे वाहत जात. त्या प्रवासात त्यांचं शरीर गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं. हा बदल थांबून राहत नाही, त्याला वेळेचं बंधन आहे. आता आयडाहोच्या सीमेवरच्या लुइस्टनपासून खाली स्नेकचं सव्वादोनशे किलोमीटर पाणी म्हणजे एकापाठोपाठ एक चार तलाव. पाणी संथ, उन्हाळ्यात कोमट, आणि कोमट पाण्यात भक्षक माशांची चंगळ. त्यातून वाचलं तर टर्बाइन. यावर आपण उपाय काय केले? लष्कराचं अभियंता दल पिल्लं गोळा करतं, बार्जमध्ये भरतं आणि बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडतं. माशाला नावेत बसवून नदी पार करवणं. पिल्लं खाणाऱ्या पाइकमिनो माशाला पकडून आणणाऱ्याला रोख बक्षीसही मिळतं, गेली तीस-पस्तीस वर्षं. पाइकमिनो तर इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या सॅमनचा शेजारी. गैरसोयीचा झाला तो नदीचा तलाव झाल्यावर.

स्टीलहेडची गोष्ट त्याहून बोचते. तो खरं तर समुद्रात जाऊन मोठा झालेला रेनबो ट्राउट. सॅमन अंडी घालून मरतो, स्टीलहेड मरेलच असं नाही. त्याच्या काही माद्या अंडी घातल्यावर पुन्हा समुद्राकडे निघतात, पुन्हा यायच्या इराद्याने. म्हणजे त्यांना ही आठ धरणं उतरायची पिल्लू असताना एकदा आणि हाडं झिजल्यावर पुन्हा एकदा. वर चढणाऱ्यांसाठी आपण जिना बांधला. परत निघालेल्या या थकल्या माद्यांचा विचार धरणाच्या आराखड्यात नव्हता.

स्नेकचा सॉकाय १९९१ साली संकटग्रस्त ठरला, चिनूक सॅमन १९९२ मध्ये संरक्षित यादीत आला, स्टीलहेड १९९७ मध्ये. त्यानंतर अब्जावधी डॉलर खर्च झाले. यातला एकही वंश आजवर यादीतून बाहेर आलेला नाही. एखाद्या वर्षी आकडा वाढला की बातमी येते, 'सॅमनचं विक्रमी पुनरागमन'. त्या माशांकडे नीट बघावं. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. तो कापलेला असेल तर मासा मत्स्यबीज केंद्रातला. एके काळी कोलंबियाच्या खोऱ्यात वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन आणि स्टीलहेड परतत, असा अंदाज आहे. आज येतात ते त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके, आणि त्यातलेही बहुतेक केंद्रात वाढवलेले. खानावळीच्या डब्यावर घर चालतं, म्हणून चूल पेटली आहे असं कुणी म्हणत नाही.

मी धरणविरोधी नाही, हे स्पष्ट सांगते. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून बाहेर पडून वाशिष्ठीला मिळतं, त्या वाशिष्ठीच्या काठावर मी वाढले. विजेचं मोल मला कळतं. कोलंबियावरचं ग्रँड कूली धरण फोडा असंही मी म्हणत नाही, जरी त्या भिंतीला माशांसाठी साधा जिनासुद्धा नाही आणि वरचं सगळं खोरं तिने तोडलं. माझं म्हणणं स्नेकवरच्या चार धरणांपुरतं आहे. ती पूर अडवत नाहीत. पाणी येईल तसं पुढे सोडतात. वर्षभराची सरासरी धरली तर चारही मिळून हजार मेगावॉटच्या आसपास वीज देतात. ती सर्वांत जास्त मिळते वसंतात, बर्फ वितळताना, जेव्हा इतर धरणांचंही पाणी वाहत असतं. २०२२ साली संघराज्याच्याच सागरी मत्स्य खात्याने अहवालात लिहिलं, की स्नेकचे मासे निरोगी संख्येला आणायचे तर ही धरणं मोकळी करणं अत्यावश्यक आहे. काँक्रीट फोडण्याचीही गरज नाही, बाजूचा मातीचा भराव काढला की नदी वळसा घेऊन वाहील.

ही धरणं जे देतात ते खोटं नाही. राज्याच्या पूर्वेकडच्या पलूस भागातला गहू लुइस्टनपासून बार्जने खाली जातो. आइस हार्बरच्या पाण्यावर पास्कोजवळच्या बागा आणि शेतं उभी आहेत. तिथला शेतकरी माशांचा शत्रू नाही. उद्या पाण्याची पातळी खाली गेली तर माझ्या पंपाचं काय, एवढंच तो विचारतो. त्याला पंप वाढवून देणं, गव्हाला रेल्वे देणं, विजेची भरपाई करणं, ही कामं पैशाची आहेत आणि करता येण्याजोगी आहेत.

धरण उघडायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, आपला नाही, हे मला माहीत आहे. पण २०२२ साली आपल्या आधीचे गव्हर्नर इन्सली आणि सिनेटर पॅटी मरे यांनी सांगितलं, की आधी पर्याय उभे करा, मग धरणं. खर्चाचा अंदाज १०.३ ते २७.२ अब्ज डॉलर. मला ते तेव्हा रास्त वाटलं, आजही वाटतं. फक्त त्यातलं 'आधी' आता 'बघू'कडे झुकायला लागलं आहे. राज्याने वाहतूक, सिंचन आणि वीज यांच्या पर्यायांचे अभ्यास हाती घेतले. २०२३ च्या डिसेंबरात संघराज्य सरकार, चार मूलनिवासी जमाती, ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांचा करार झाला. जमातींच्या मालकीचे हजार ते तीन हजार मेगावॉटचे वीजप्रकल्प त्यात होते. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने तो मोडीत काढला आणि भांडण पुन्हा न्यायालयात गेलं. संघराज्याची सही गेली. वॉशिंग्टन राज्याची सही मात्र आपल्या राज्याने केली होती, ती ऑलिंपियातून कुणी खोडलेली नाही.

माझी मागणी एवढीच. पुढच्या अर्थसंकल्पात या पर्यायांसाठी पैसा ठेवा, अभ्यासासाठी नव्हे, बांधकामासाठी: रेल्वेच्या साइडिंगा, पंपांचे खोल उपसे, विजेच्या वाहिन्या. उद्या काँग्रेसने विचारलं, तयारी आहे का, तर राज्याला हो म्हणता यायला हवं.

आपल्याला हे सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण हा कायदा आपण माझ्यापेक्षा चांगला जाणता. १८५५ साली आयझॅक स्टीव्हन्स, म्हणजे वॉशिंग्टन प्रदेशाचे पहिले गव्हर्नर, यांनी याकामा आणि नेझ पर्स या मूलनिवासी जमातींशी करार केले. त्यांनी प्रचंड जमीन दिली आणि नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. रस्त्यांखालच्या मोऱ्यांनी माशांची वाट अडते म्हणून पश्चिमेकडच्या जमातींनी असल्याच करारांवरून राज्याला न्यायालयात खेचलं. पुढे ते प्रकरण वर गेलं, तेव्हा आपण अॅटर्नी जनरल होता आणि राज्याची बाजू आपणच सर्वोच्च न्यायालयात नेलीत. २०१८ साली न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले आणि जमातींच्या बाजूचा निकाल कायम राहिला. हक्क मासे धरायचा असेल, तर नदीत मासे असायला हवेत, असा त्याचा सरळ अर्थ. ते मोऱ्यांचं काम राज्य आता करतं आहे. मोरीला लागू पडणारं तत्त्व धरणापाशी येऊन बुडू नये.

१० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सिलायलो धबधबा पाण्याखाली गेला. लाकडी फळ्यांवर उभं राहून, लांब दांड्यांच्या जाळ्यांनी हजारो वर्षं जिथे मासे धरले, ती जागा. बॉनव्हिलच्या पाण्याखाली गेलेल्या घरांच्या आणि मासेमारीच्या जागांच्या बदल्यात जमातींना जे कबूल केलं, त्याचा हिशेब आजही पुरा झालेला नाही. मराठी वाचकाला इथे वेगळं समजवायला नको. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली आमच्याकडेही साठ वर्षं फिरताहेत.

आणि आम्ही, डेटा सेंटरवाले. क्विन्सी आणि द डॅल्स या गावांत ही केंद्रं आली ती नदीच्या स्वस्त विजेमुळेच. आता विजेची मागणी वाढते आहे, म्हणून धरणांना हात लावू नका असं म्हटलं जातं. ती मागणी वाढवणारे आम्हीच. या पर्यायांच्या खर्चाचा काही भाग आमच्या कंपन्यांवर आणि माझ्या वीजबिलावर टाकलात तर माझी तक्रार नाही. (हे वाचून माझे दोन-तीन मित्र फोन करतील. करू देत.)

ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली. काम संपल्यानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबरात, चिनूक सॅमन धरणांच्या जागा ओलांडून ऑरेगनमधल्या एका ओढ्यात दिसले, शंभरहून अधिक वर्षांनी. त्यांना कुणी बार्जमध्ये घालून नेलं नव्हतं.

अर्थसंकल्पात ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दिसेल, तेवढं कळवावं. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. आमच्या लोकांना वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे.

आपली,
सिएटलमधली एक वीजग्राहक आणि मतदार