आपल्या गोलीला कॉलेजच्या मैदानापर्यंत पोचवूया : पेठेतल्या सर्व फुटबॉलप्रेमींना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोली, म्हणजे गोलकीपर, यंदा बारावी झाला. त्याचं नाव लिहायची गरज नाही, टायब्रेकरला सारी पेठच त्याच्या नावाचा घोष करते. आता त्याला पुण्या-मुंबईच्या कॉलेजात खेळाडू कोट्यातून प्रवेश घ्यायचाय. निवड चाचण्या जून-जुलैत आहेत. शाळा सुटली आणि कॉलेज अजून हाती लागलं नाही, याच दोन महिन्यांत कोल्हापूरची किती चांगली पोरं बूट खुंटीला टांगतात, हे आपण जाणताच.

आधी ऋण मान्य करायला हवं. राजर्षी शाहूंचे पुत्र छत्रपती राजाराम महाराज यांनी या शहराच्या फुटबॉलला राजाश्रय दिला, तेव्हापासून पेठांनीच हा खेळ जगवला. हा मुलगा चौदा वर्षांखालच्या संघात बॅक (बचावपटू) म्हणून आला. त्याची उंची आणि झेप बघून आपल्या मास्तरांनी त्याला गोलपोस्टमध्ये उभं केलं. त्या वर्षी महाद्वार रोडच्या आपल्या सराफांनी सरावाच्या जाळ्या आणि डझनभर पाच नंबरचे बॉल दिले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या मंडळींनी हंगामभर खेळाडूंना दूध पुरवलं, एक दिवस चुकवला नाही. मार्केट यार्डातल्या गूळ व्यापाऱ्यांनी सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या राज्य फेरीचा सगळा प्रवासखर्च उचलला. आपला जुना सेंटर हाफ (मधल्या फळीचा खेळाडू), जो आज दुबईत नोकरी करतो, दर दिवाळीला न सांगता पैसे पाठवतो. या सगळ्यांना तालमीचा मानाचा मुजरा. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा याच पेठेत साखर वाटली होती.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. अंतिम सामन्याच्या फ्लेक्सला आणि बाहेरच्या खेळाडूंच्या मानधनाला एका दिवसात पैसे उभे राहतात. मागच्या वर्षी आपल्याच राइट आऊटला (उजव्या कडेनं) खेळणाऱ्या पोराच्या वसतिगृहासाठी हाक दिली, तेव्हा मोजकी घरं सोडता कुणी उंबरा ओलांडला नाही. तो मुलगा आज मैदानावर दिसत नाही.

खेळाडू कोट्याचं गणित नीट समजून घ्या. शाहू स्टेडियमवर जिंकलेल्या पेठेच्या चषकांना तिथं किंमत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा यांचंच प्रमाणपत्र धरतात. त्यावरचं नाव आधार आणि गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो. त्याची कागदपत्रं आम्ही तपासून ठेवलीत. (इतर पालकांनीही ऐकावं : मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, त्यावर पुढं शिक्का-सही घेता येत नाही.)

कागदानंतर मैदान. चाचणी बहुधा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर होते. तिथं बॉल सरपटत, जोरात येतो आणि आपल्या मैदानासारखी वेडीवाकडी उसळी घेत नाही, त्यामुळे खाली बसायची वेळ बदलते. आपल्याकडच्या लांब स्टडच्या बुटांनी टर्फवर पाय अडकतो आणि गुडघा मुरगळतो. म्हणून टर्फचे वेगळे बूट हवेतच. उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर झेपा घेऊन त्याचा उजवा खांदाही दुखावलाय. कोपरावर न पडता मांडी, कंबर, खांदा अशा क्रमानं कुशीवर उतरायचा सराव चालू आहे, सोबत फिजिओथेरपी लागणार आहे.

व्हिडिओसाठीही मदत हवीय. ज्यांनी सामने मोबाइलवर घेतलेत त्यांनी मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये द्यावी, व्हॉट्सॲपवरून आलेली धूसर होते. फक्त अडवलेल्या पेनल्टी नकोत. निवडणाऱ्या प्रशिक्षकाला गोली कॉर्नरवर कधी बाहेर येतो, बचावफळीला कसा हाका मारतो आणि बॉल हातात आल्यावर कुणाला देतो हे बघायचं असतं. पुढच्या सामन्यांत मोबाइल आडवा धरा, संपूर्ण पेनल्टी एरिया चौकटीत ठेवा आणि जल्लोषाकडे कॅमेरा वळवू नका. एडिटिंग येणाऱ्या कुणी चार-पाच मिनिटांची फीत करून दिली तर मोठं काम होईल.

अंदाजे खर्च : बूट दोन जोड 8,000 रु., गोलकीपर ग्लोव्ज तीन जोड 6,000, फिजिओथेरपी 6,000, चाचण्यांचा प्रवास-मुक्काम 9,000, पहिल्या वर्षाची फी व वसतिगृह 60,000, मेस दहा महिने 35,000, एकूण 1,24,000. जमा 38,000, बाकी 86,000. वस्तुरूप मदत चालेल : बूट 9 नंबर, ग्लोव्ज 9 नंबर. बूट वापरलेले चालतील, ग्लोव्ज नवेच द्यावेत, कारण जुन्याचं लेटेक्स (तळव्याचं रबर) कडक होऊन बॉल निसटतो. धनादेश तालमीच्या नावे काढावा, मुलाच्या किंवा कुणा पदाधिकाऱ्याच्या नावे नको. रोख दिल्यास खजिनदारांकडून पावती घेतल्याशिवाय उठू नये. फीची रक्कम थेट कॉलेजात भरली जाईल, हिशेब फलकावर लागेल. प्रवेश न झाल्यास उरलेली रक्कम देणगीदारांना विचारूनच वापरू. मुदत 31 मे. कार्यालय रोज संध्याकाळी 7 ते 9, रविवारी सकाळीही उघडं.

आपला,
सचिव, फुटबॉल विभाग