ट्रेंटनला जाऊन आले, काळजी नसावी

न्यू जर्सी
२२ फेब्रुवारी २०२६

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दादा, तुझं पत्र मिळालं आणि मागोमाग पाठवलेले आवाजी निरोपही ऐकले. तू रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त वाटलास. म्हणून आधी तेवढंच लिहिते. मी ठणठणीत आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे, थंडी कडक असली तरी ती दाराबाहेर. माझं जेवणखाण, सकाळची आसनं, शेजारणी हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

मला माइकसमोर बसलेली दाखवणारा फोटो चिरंजीवांनी कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडे तुमची झोप उडाली. "परक्या देशात सरकारपुढे जाऊन बोलायची काय गरज? दिवस बरे नाहीत, गप्प राहावं," असं तू म्हणतोस. दादा, मी इथली नागरिक आहे, इतकी वर्षं मतदान करते आहे. व्हिसाबिसा, कुणाला देशात ठेवायचं नि कुणाला नाही, ते सगळं वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारकडे. मी गेले होते ते ट्रेंटनला, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीला. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क तर इथल्या राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत १७९१ पासून लिहिलेला आहे. मी एकटीही नव्हते. आमच्या वसाहतीची छोटी बस भरून आम्ही म्हातारी माणसं गेलो, बरोबर डबे होते, गोळ्यांच्या डब्या होत्या आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो.

का गेलो, ते नीट सांगते, म्हणजे वहिनींनाही धीर येईल. मी राहते त्या जागेत शिरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते आणि मग दर महिन्याला शुल्क. आज मी माझ्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र राहते. उद्या हातापायांनी साथ सोडली तर याच आवारात मदतनीस मिळतात, त्याहून वाईट वेळ आली तर शुश्रूषा मिळते, कुठं हलावं लागत नाही. ह्यांच्या मागे इतकं मोठं घर विकून मी ही सोय स्वतः निवडली. मुलानं मला कुठं आणून टाकलेलं नाही. तुझ्या मनात ते आहे, तू लिहिलं नसलंस तरी. तो कॅलिफोर्नियात आहे, रोज फोन करतो, आणि त्याच्या घरातली खोली माझ्यासाठी तयारच असते.

पण अशा जागेत आयुष्याची पुंजी गुंतलेली असते. न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या पोर्ट वॉशिंग्टनमधली अशीच एक वसाहत २०१४, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा दिवाळखोरीत गेली. बाँड घेऊन पैसे गुंतवणारे रांगेत पुढे, आणि तिथं राहणारी ऐंशी-नव्वद वर्षांची माणसं मागे. त्यांना परत मिळायची रक्कम पूर्ण मिळाली नाही. हे वाचल्यावर आमच्या जेवणघरात अनेक दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या जागेचे हिशेब चांगले आहेत, तू लगेच घाबरू नकोस. इथं १९८६ चा कायदा आहे, त्यामुळे अशा प्रत्येक संस्थेला आपली आर्थिक स्थिती राज्याच्या खात्यापुढे आणि रहिवाशांपुढे उघड करावी लागते. २०१३ च्या कायद्यानं आमच्यासारख्या स्वतंत्र राहणाऱ्यांच्या हक्कांची यादीच घालून दिली. हे कायदे कुणा दयाळू मंत्र्याला आपोआप सुचत नाहीत, म्हातारी माणसं वर्षानुवर्षं मागे लागतात. न्यू जर्सीतल्या अशा वसाहतींमधल्या रहिवासी मंडळांची मिळून एक संघटना आहे, तिला सगळे ओरँज म्हणतात. संस्थाचालकांचीही संघटना आहे, त्यांची पगारी माणसं ट्रेंटनला असतात, आणि ते काही वाईट लोक नव्हेत. पण त्यांचं म्हणणं ते मांडणार, आमचं आम्हीच मांडायला हवं.

सध्या आमच्या मंडळाचं मागणं एकच आहे. माणूस घर सोडून गेला किंवा वारला, तर करारानुसार जी रक्कम परत मिळायची ती बऱ्याच ठिकाणी त्या घरात नवं कुणी आल्याशिवाय मिळत नाही. तोवर मुलाबाळांनी वाट पाहायची. त्याला काहीतरी मुदत असावी.

आता मला इतकी वर्षं राहूनही नवल वाटलेली गोष्ट सांगते. ती सविस्तर सांगितल्याशिवाय तुला फोटोचा अर्थ कळायचा नाही.

आपल्याकडे आमदाराकडे माणूस कशासाठी जातो? दाखला, बदली, नळाचं कनेक्शन, फार तर रस्ता. जाताना ओळखीचं कुणीतरी बरोबर लागतं. इथं लोक जातात ते विधेयकाचा नंबर घेऊन. खरंच, नुसता नंबर! राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं, असेंब्ली आणि सिनेट. असेंब्लीच्या विधेयकाला एक अक्षर आणि आकडा, सिनेटच्या विधेयकाला दुसरं अक्षर आणि आकडा. आमच्याकडच्या ब्याण्णव वर्षांच्या एक बाई, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, त्या नाश्त्याला बसल्या बसल्या विचारतात, "तो अमुक नंबर समितीतून बाहेर पडला का?" विधिमंडळ दोन वर्षांचं असतं. तोवर जे विधेयक पार झालं नाही ते मेलं, मग नव्या विधिमंडळात पुन्हा मांडायचं, पुन्हा नवा नंबर. ह्या १३ जानेवारीला नवं विधिमंडळ बसलं, म्हणून सगळ्यांच्या वह्यांमधले जुने आकडे खोडून नवे लिहायचं काम चालू आहे.

राज्यात चाळीस मतदारसंघ. प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन, असे प्रत्येक माणसाला तीन आमदार. एका मतदारसंघात सव्वादोन लाखांच्या वर माणसं, आपल्या विधानसभेच्या मतदारसंघापेक्षा बरीच कमी. असेंब्लीच्या ऐंशीच्या ऐंशी जागांना दर दोन वर्षांनी निवडणूक. त्यामुळे ते येतात, दादा. आमच्या सभागृहात येतात, हार नाही, शाल नाही, बरोबर एखादा तरुण मदतनीस, आणि कॉफी घ्यायला रांगेत आमच्या मागे उभे. एकालाच बोलावून त्याचा प्रचार करायला आमच्या संस्थेला मनाई आहे, कारण ती करमाफी असलेली धर्मादाय संस्था. म्हणून निवडणुकीच्या वेळी बोलावलं तर सगळ्याच उमेदवारांना बोलावतात. रहिवासी मात्र स्वतःच्या नावानं हवं ते बोलू शकतात. गेल्या नोव्हेंबरात तर आमच्या मजल्यावर मत दिलं नाही असं कुणी सापडलं नसतं. काठीवाले, चाकाच्या खुर्चीवाले, सगळे. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांनी टपालानं दिलं.

आमच्या गणिताच्या बाईंनी मला शिकवलं ते असं. आमदाराच्या कार्यालयात फोन केला की पहिल्या वाक्यात आपण त्यांच्याच मतदारसंघात राहतो हे सांगायचं, पत्त्यासकट. मग विधेयकाचा नंबर. मग आपलं मागणं, एकच. तीन मागितली तर एकही लक्षात राहत नाही. पत्र एका पानाचं, छापील मजकूर सगळ्यांनी सही करून पाठवायचा नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. फोनवर आमदार नाही, त्यांच्याकडचं पंचविशीतलं पोर भेटलं तर नाराज व्हायचं नाही, कारण कागद तेच पोर वाचतं. आणि काम झालं काय, न झालं काय, आभाराचं पत्र जायलाच हवं.

ट्रेंटनचं विधानभवन १७९२ चं आहे, डेलावेअर नदीच्या काठी, वर सोनेरी घुमट. समितीच्या खोलीत शिरताना एक चिठ्ठी भरायची. नाव, गाव, कोणतं विधेयक, बाजूनं की विरोधात, आणि बोलायचं आहे की नाही. ज्यांना बोलायचं नाही त्यांची नावंही अध्यक्ष मोठ्यानं वाचतात: अमुक, बाजूनं, बोलण्याची गरज नाही. आमच्यातल्या एका आजोबांना पक्षाघातानंतर बोलता येत नाही. त्यांचं नाव असं वाचलं गेलं तेव्हा त्यांनी मान ताठ केली. चिठ्ठीवरच्या एका खुणेनं त्यांचंही म्हणणं नोंदलं गेलं. मला ही पद्धत फार आवडली. इतकी साधी आहे की आपल्याकडे उद्या सुरू करायला पैसाही लागणार नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी गेले. दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून कागद वाचून दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. लेखी म्हणणं आधीच दिलेलं होतं. मी माझ्या एका शेजारणीबद्दल बोलले. तिच्या मागे तिच्या मुलीला रक्कम यायची वाट पाहावी लागते आहे, आणि मुलगी स्वतः आजारी आहे. समितीतले दोघं फोनमध्ये बघत होते, हेही खरं. पण एका बाईंनी मला प्रश्न विचारला, माझं उत्तर पूर्ण ऐकलं आणि लिहून घेतलं. लगेच काही होईल असं नाही. अशा गोष्टींना दोन-दोन, तीन-तीन विधिमंडळं जातात, तोवर आमच्यातले काही नसतील हे आम्हाला ठाऊक आहे. तरी बस भरते.

दादा, तिथं बसले असताना मला आई आठवत होती. बाबांच्या मागे तिची पेन्शन अडली, तेव्हा तू तिला घेऊन सातारच्या कचेरीत किती खेटे घातलेस, उन्हात बाकावर बसवून ठेवायचे तिला. तू फोनवर फक्त "होतंय, होईल" म्हणायचास आणि मी इथून पैसे पाठवून गप्प बसायचे. मी दुसऱ्या बायकांसाठी माइकसमोर बोलते आणि आईसाठी एकदाही त्या बाकावर तुझ्या शेजारी बसले नाही. ते मनातून जात नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, वहिनींनी तर मुळीच नाही.

तुमच्या वाईच्या ज्येष्ठ नागरिक संघाबद्दल तू लिहिलंस, की वाढदिवस आणि सहली यापलीकडे काही नाही. का नाही, दादा? पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट झाला, २०२२ पासून. तू हौसेनं महाबळेश्वरला जाऊन आलास. पण गाडीची पायरी गुडघ्याइतकी उंच, हे तूच म्हणालास. मग सगळ्यांनी मिळून तेवढ्या एका पायरीचं पत्र का लिहू नये? फेस्कॉम, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांची मिळून असलेली संघटना आहे, तुमचा संघ तिच्याशी जोडलेला असेलच. निवेदन द्या, फोटो काढा, पण महिन्याभरानं पुन्हा जा. मी आवर्जून सांगते आहे, राग मानू नकोस.

आता घरचं. छकुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं, मुलगा पुण्यातच आहे, घरचे साधे आहेत, हे वाचून फार आनंद झाला. माझ्याकडून थोडी रक्कम तुझ्या खात्यावर पाठवली आहे. कार्यालयाला वापर की दागिन्याला, पण परत पाठवू नकोस. मागच्या वेळी स्लॅबच्या दुरुस्तीसाठी पाठवलेले तू ठेवीत टाकलेस हे मला वहिनींकडून कळलं. पावसाळ्याआधी स्लॅब करून घे.

लग्नाला यायचं जमणार नाही. वर गुडघा आहे तसाच आहे लिहिलं, ते खरंच आहे, म्हणूनच एप्रिलमध्ये बदलायचा ठरला आहे. शस्त्रक्रिया नेहमीची आहे, इथं दुसऱ्या दिवशी चालवतात, चिरंजीव रजा घेऊन येतो आहे. पुढे ढकलता येईल का ते विचारलं होतं, पण डॉक्टर नको म्हणाले. छकुलीला मी स्वतः फोन करून सांगेन, तू आधी बोलू नकोस. दिवाळीला येते आणि महिनाभर राहते.

शेताचं तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. माझ्या वाट्याचे पैसे मोजायची भाषा करू नकोस. आईबाबांना शेवटपर्यंत तू आणि वहिनींनी सांभाळलं, जमीन तू कसलीस. मी हक्कसोडपत्र करून देणार, आणि एक रुपयाही घेणार नाही. मी येऊ शकत नसल्यानं तुमच्याकडच्या एखाद्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावं लागेल. ते इथं न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घेते. कागद तिथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, तेवढं वकिलांना विचारून ठेव. मसुदा मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पाठवायला सांग, मार्चच्या पंधरा तारखेच्या आत, म्हणजे शस्त्रक्रियेआधी सही होईल.

वहिनींना सा. न., छकुलीला अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. आईच्या पाटल्या वहिनींनी माझ्यासाठी ठेवल्या आहेत असं कळलं. त्या लग्नात छकुलीच्या हातात घाला. यावर चर्चा नको.