विक्रम छापा, पण कोणत्या नियमावलीतला तेही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फिगर स्केटिंगला मराठी वृत्तपत्रांत जागा मिळते ती हिवाळी ऑलिंपिकच्या पंधरवड्यात, आणि तीही पानाच्या तळाशी एखाद्या चौकटीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. क्रिकेटमधून उरलेल्या जागेत बाकीच्या खेळांनी भागवायचे, हे आम्हा वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. तक्रार आहे ती त्या चौकटीत हमखास दिसणाऱ्या एका वाक्याची. ‘अमक्याने जपानच्या युझुरू हान्यूचा विक्रम मागे टाकला’ असे लिहून शेजारी दोन आकडे दिले जातात आणि विषय संपतो. वाचकाला वाटते, चला, हान्यू पडला दुसऱ्या नंबरावर. प्रत्यक्षात ते दोन आकडे शेजारी बसवताच येत नाहीत.

२०१८-१९ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने गुणांची पद्धतच बदलली. उडी किंवा गिरकी कशी जमली यासाठी परीक्षक आधी उणे ३ ते अधिक ३ या पट्टीवर गुण देत. ती पट्टी उणे ५ ते अधिक ५ झाली. स्पर्धेचे दोन भाग असतात, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम आणि मग लांब फ्री प्रोग्रॅम; निकाल दोन्हींच्या बेरजेवर. पुरुषांचा फ्री प्रोग्रॅम साडेचार मिनिटांचा होता, तो चार मिनिटांवर आला आणि त्यातली एक उडीही कमी झाली. चार फेऱ्यांच्या उड्यांचे, म्हणजे क्वाडचे, मूळ गुण खाली आणले गेले. एवढे बदलल्यावर जुने गुण नव्याशी ताडून बघण्यात अर्थ नव्हता. महासंघाने जुनी वही बंद करून त्यावर ‘ऐतिहासिक’ असा शिक्का मारला आणि नवी वही उघडली. भालाफेकीत असे आधीच होऊन गेले आहे. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याची घडण बदलली, तेव्हापासून उवे होन यांची १९८४ ची १०४.८० मीटरची फेक वेगळ्या रकान्यात आहे. आजच्या भालाफेकपटूच्या बातमीत कोणी ती ‘अजून मोडायची आहे’ असे लिहीत नाही.

वही बंद झाली तेव्हा पुरुष एकेरीतले तिन्ही विक्रम हान्यूच्या नावावर होते. शॉर्ट प्रोग्रॅमचे ११२.७२ गुण सप्टेंबर २०१७ मधले, फ्रीचे २२३.२० त्याच वर्षीच्या हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेतले आणि एकूण ३३०.४३ डिसेंबर २०१५ मध्ये बार्सिलोनात मिळवलेले. हे मोडले गेलेले नाहीत आणि आता मोडता येणारही नाहीत. अमेरिकेच्या नेथन चेनने डिसेंबर २०१९ मध्ये मिळवलेले ३३५.३० गुण थोरच, पण ते दुसऱ्या वहीतले. चेनचे कौतुक करायला हान्यूला खाली ओढायची काय गरज?

दुसरी सवय मोजदादीची. ‘कारकिर्दीत १९ जागतिक विक्रम’ हे हान्यूबद्दलचे आवडते वाक्य आहे आणि आकडा खराही आहे. पण त्या १९ त सगळे काही येते. २०१९ ची सैतामाची जागतिक स्पर्धा घ्या. नव्या पद्धतीत फ्रीमध्ये २०० आणि एकूण ३०० च्या पलीकडे जाणारा पहिला पुरुष तिथे हान्यूच ठरला, आणि काही मिनिटांतच चेनने दोन्ही आकडे पार केले. काही मिनिटे टिकलेला तो विक्रमही मोजणीत एक, आणि नागानोचाही एकच! नोव्हेंबर २०१५ मध्ये नागानोत हान्यूने एकूण ३२२.४० गुण मिळवले. त्याआधीचा सर्वोच्च आकडा कॅनडाच्या पॅट्रिक चॅनचा २९५.२७ होता. तीनशेची वेस कोणी ओलांडलेली नव्हती; हान्यूने ती ओलांडली आणि वर बावीस गुण घेऊन उभा राहिला. दोनच आठवड्यांनी बार्सिलोनात स्वतःचाच आकडा आणखी आठ गुणांनी वर नेला. वाचकाला सांगायचे ते हे, बेरीज कसली सांगता?

आता माझे मत सांगतो, पटो न पटो. या माणसाच्या कारकिर्दीतल्या सर्वात मोठ्या दिवशी एकही विक्रम झालेला नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानमधल्या स्पर्धेच्या सरावात क्वाड लुट्झ ही उडी मारताना हान्यू पडला आणि उजव्या घोट्याला इजा झाली. त्यानंतर तो एकाही स्पर्धेत उतरला नाही, तो थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये. शॉर्टमध्ये १११.६८ गुण; स्वतःच्या विक्रमाला एकाहून थोडा जास्त गुण कमी. फ्रीसाठी त्याने लुट्झ आणि लूप या अवघड क्वाड बाजूला ठेवल्या आणि साल्काव व टो लूपवर भिस्त ठेवली. दुखऱ्या घोट्याला काय झेपेल याचा हा चोख हिशेब होता. शेवटाकडे तीन फेऱ्यांची लुट्झ उतरताना तोल गेला, पडतो की काय असे वाटले, पण तेवढ्यात सावरला. त्या दिवशी फ्रीमध्ये सर्वाधिक गुण हान्यूचे नव्हतेच. सहा क्वाड मारणाऱ्या चेनने २१५.०८ मिळवले, पण शॉर्टमध्ये १७ वा राहिल्यामुळे तो अखेर पाचवा आला. सुवर्ण हान्यूला, एकूण ३१७.८५ गुणांवर; २०१४ नंतरचे हे लागोपाठ दुसरे. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णे याआधी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ मध्ये मिळवली होती. मधली ६६ वर्षे कोणाला ते जमले नाही. गुणांच्या वहीत या दिवसाची नोंद शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

विजेतेपदे मोजावीत म्हटले तर तो हिशेब जास्त टिकाऊ आहे, पण अगदी निर्मळ तोही नाही. नॉर्वेच्या सोन्या हेनीची लागोपाठ दहा जागतिक विजेतेपदे आणि तीन ऑलिंपिक सुवर्णे हा महिला एकेरीतला विक्रम आजही उभा आहे. त्यातले पहिले जागतिक विजेतेपद १९२७ चे, ओस्लोतले. पाच परीक्षक होते, त्यातले तीन नॉर्वेचे. निकाल तीन विरुद्ध दोन! पुढे एका देशाचा एकच परीक्षक असा नियम आला. (हेनी त्यानंतरही नऊ वर्षे जिंकतच राहिली, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे.) हान्यूची जागतिक विजेतेपदे दोनच, २०१४ आणि २०१७ ची. ग्रां प्री या दर हंगामातल्या मालिकेच्या फायनल मात्र लागोपाठ चार, आणि २०२० मध्ये चार खंडांची (म्हणजे युरोपबाहेरच्या देशांची) स्पर्धा जिंकून कनिष्ठ व वरिष्ठ गटांतली सगळी मोठी विजेतेपदे खिशात टाकणारा तो पहिला पुरुष ठरला.

शेवटी २०२२ चे बीजिंग. चौकटीत आले: ‘हान्यू पदकाविना, चौथा’. शॉर्टमध्ये पहिल्याच उडीच्या वेळी त्याचे पाते बर्फातल्या खळग्यात अडकले, चारऐवजी एकच फेरी झाली आणि त्या उडीला शून्य मिळाले. आठव्या क्रमांकावरून फ्रीला उतरताना सुरक्षित कार्यक्रम केला असता तर पदकाची आशा होती. त्याने सुरुवातच क्वाड अ‍ॅक्सलने केली. अ‍ॅक्सल ही तोंड पुढे ठेवून मारायची एकमेव उडी, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त: साडेचार. जुन्या नियमांत तिचे मूळ गुण १५ होते. कोणी एकदाही न मारलेल्या उडीचे भाव पाडून ते १२.५० केलेले! त्यातही पाव फेरीहून जास्त अपुरी पडली तर वीस टक्के कापले जातात, पडलात तर उरलेल्यातले जवळपास निम्मे जातात, वर पडल्याचा एक गुण दंड. हान्यूची फेरी अपुरी राहिली आणि तो पडलाही. तीन फेऱ्यांची साधी अ‍ॅक्सल नीट मारली असती तर तिचेच मूळ गुण ८, म्हणजे पदरात जास्त पडले असते. हे गणित त्याला ठाऊक नव्हते असे समजायचे कारण नाही. निकालपत्रावर त्या उडीपुढे क्वाड अ‍ॅक्सल अशी नोंद झाली, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच. जुलै २०२२ मध्ये त्याने स्पर्धांमधून निवृत्ती जाहीर केली आणि दोनच महिन्यांनी लेक प्लॅसिडमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती उडी पूर्ण फेऱ्यांसह उतरवली.

तेव्हा विनंती एवढीच. गुणांचा विक्रम छापताना हंगाम छापावा, आणि २०१८ च्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका तक्त्यात घालू नयेत. एका ओळीचे काम आहे. जागा पुरत नसेल तर पदकतालिकेतले खालचे चार देश गाळावेत. आणि छायाचित्र द्यायचेच तर हवेतल्या उडीचे द्यावे, दातात पदक धरलेले नको.

कळावे,
आपला,
क्रीडा पान शेवटून वाचणारा एक वाचक