पाणी सोडण्याआधी माती तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळवंटे हिरवी करण्याच्या योजनांचे कौतुक सतत वाचायला मिळते. पाणी आणले, रोपे लावली की झाले, असा त्यांचा सूर असतो. त्या मातीत आधीपासून काय जगते आहे, याची मात्र कुणी दखल घेत नाही.

चिलीच्या अटाकामा वाळवंटातील अतिशुष्क भागात २०१५ आणि २०१७ मध्ये कधी नव्हे तो पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली. आता तिथे जीव फोफावतील, असे कुणालाही वाटेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले ते उलटेच. तिथे पूर्वी नोंदलेले बहुतेक सूक्ष्मजीव नाहीसे झाले होते. जेमतेम ओलाव्यावर जगायला सरावलेल्या पेशींना पाण्याचा तो अचानक मारा सोसला नाही.

कोणते जीव कुठे टिकणार हे मातीचा सामू (म्हणजे आम्लता-अल्कतेचे मान, पीएच), क्षार आणि पोत ठरवतात. त्यातही क्षारांचा खेळ विलक्षण आहे. एरवी मीठ जिवाणूंना मारक. पण अटाकामातलेच मिठाचे खडक हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषतात आणि त्यांच्या पोटात नील-हरित जिवाणू तग धरून राहतात!

पोताचेही तसेच. सरकत्या वाळूत जिवाणूंना ठाव मिळत नाही. बारीक कणांच्या किंवा जिप्समयुक्त जमिनीवर मात्र त्यांची काळपट, खडबडीत खपली धरते. तिचा तुकडा हलकेच उचलून पाहा, खालच्या बाजूला केसाहून बारीक तंतूंना वाळूचे कण लोंबताना दिसतात. मायक्रोकोलिअस या जिवाणूचे हे तंतू चिकट आवरणाने माती बांधून ठेवतात, म्हणून ती वाऱ्याने उडत नाही. खपलीतले इतर काही जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. एवढे सगळे एका चाकाखाली भुगा होते आणि पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडा-सरावाच्या खुणा काही ठिकाणी आजही दिसतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाळवंटात वृक्षलागवड, सिंचन वा सौर प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी तिथल्या मातीचे क्षार, सामू, पोत आणि पृष्ठभागावरची जिवाणूंची खपली यांची पाहणी सक्तीची करावी, तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा आणि जिथे खपली शाबूत आहे तिथून रस्ते व यंत्रे दूर न्यावीत.

आपला,
एक वाचक