हिमयुगातली झाडं आणि सांगोल्याची बाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हिमयुगानंतरच्या जंगलांवरचा लेख दोनदा वाचला. विषय घेतलात याचा आनंद आहे, पण त्यातली मुख्य गोष्टच उलटी छापली आहे. बर्फ वाढला तेव्हा युरोपातली झाडं स्पेन, इटली, बाल्कनकडे तगून राहिली, हे बरोबर. म्हणून सर्वांत जास्त आनुवंशिक विविधता तिथेच, हे चूक. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ जंगलांतल्या २२ जातींची झाडं-झुडपं तपासली होती. दक्षिणेकडची रानं एकमेकांहून फार वेगळी निघाली. पण एकाच रानात सर्वाधिक विविधता सापडली ती मधल्या पट्ट्यात, जिथे बर्फ हटल्यावर वेगवेगळ्या बाजूंनी सरकत आलेले वंश एकमेकांत मिसळले.

आणि ‘आपल्या शेतकऱ्याला याचं काय?’ हे शेवटचं वाक्य मला फार लागलं.

सांगोल्याजवळ माझ्या थोरल्या भावाची तीन एकर भगवा डाळिंबाची बाग होती. सगळी गुटी कलमं, म्हणजे प्रत्येक झाड मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल. मातृबाग निरोगी आहे, असं रोपवाटिकेच्या मालकाने शपथेवर सांगितलं होतं. त्या पावसाळ्यात आठवडाभर आभाळ उघडलं नाही आणि तेल्या हा डाळिंबावरचा रोग आला. पानांवर पाणेरी ठिपके, मग फळांवर काळे डाग, मग तडे. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झाड सुटलं नाही. सुटणार कसं? एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. वहिनी फळं वेचून खड्ड्यात टाकत होत्या, दादा नुसता बांधावर बसून होता. दोन वर्षांनी त्याने जेसीबी लावून बाग काढली.

रानात बी पडून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं. १९९० च्या दशकात पोलंडमध्ये ॲश झाडं बुरशीने वाळू लागली, रोग युरोपभर पसरला, तरी थोडी झाडं तगलीच. तग धरण्याची ताकद त्यांच्या वाणातच होती. आपल्याकडे दर पावसाळ्यात कडुलिंबाची रोपं लागतात, खड्ड्यांचे आकडे तुम्ही छापता. ते बी किती झाडांवरून गोळा केलं, हे तुमच्या वार्ताहराने एकदा तरी विचारावं.

लेखासोबतचं चित्रही ओकचं नाही. ओकला सुईसारखी पानं नसतात, हे माझ्या पाचवीतल्या नातीने दाखवून दिलं. दोन्ही दुरुस्त्या पुढच्या पुरवणीत छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, विजापूर रोड, सोलापूर