या आठवड्यात मूल वर्गात काय शिकले, हे पालकांनाही कळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय पोषण आहार, गणवेश, शिक्षकांची रिक्त पदे आणि शाळांच्या इमारती या विषयांवर आपल्या दैनिकात नेहमी लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. मात्र पहिली ते चौथीतील मूल चालू आठवड्यात वर्गात नेमके काय शिकत आहे, हे त्याच्या आईवडिलांना कळण्याची कोणतीही नियमित सोय सोलापुरात मी पाहिलेल्या शाळांमध्ये नाही, या गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. मी प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे, आणि ही उणीव दूर करण्यासाठी पैसा किंवा नवी योजना लागत नाही, अशी माझी खात्री असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे टाचण ठेवावे लागते. कोणत्या तासाला कोणता घटक, त्यासाठी कोणते साहित्य, मुलांकडून कोणती कृती करून घ्यायची, हे सारे त्यात असते. पण त्या वहीवर मुख्याध्यापकांची सही झाली आणि केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, भेटीत ती चाळली की तिचा प्रवास संपतो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा, उद्या पूर्ण गणवेश हवा, शनिवारी शाळा सकाळची आहे, एवढेच निरोप येतात. शहरातील काही खासगी शाळा दर आठवड्याला एक तक्ता पाठवतात, परंतु त्यात गणित पान 14 ते 19, भाषा पाठ चौथा, असे लिहिलेले असते. त्यावरून पुस्तक कुठवर आले ते कळते, मूल कुठवर आले ते कळत नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हावे असे त्यात म्हटले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे त्यांपैकी एक आहे. प्रत्यक्षात ही सभा सत्रातून एखाद्या वेळी होते आणि त्या दिवशी पालकाच्या हाती प्रगतिपत्रक पडते. ऑगस्टमध्ये मुलाचे कुठे अडले होते ते दिवाळीच्या तोंडावर कळून काय उपयोग? लहान वयातले शिकणे एकावर एक बसत जाते. जोडाक्षरे कच्ची राहिली की पुढचा प्रत्येक धडा जड जातो, आणि दशक-एकक समजले नाही की हातच्याची बेरीज पाठांतराने कशीबशी उरकली जाते.

एकच उदाहरण थोडे विस्ताराने मांडते, कारण ते सोलापूरच्या मुलांच्या अगदी जवळचे आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस मुलाला 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आता मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र आधी 2 आणि मग 5 लिहायचे असतात. त्यामुळे पहिलीतली पुष्कळ मुले पंचवीस ऐकून 52 लिहितात. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांना पुढच्या दशकाचे नाव असल्याने गोंधळ आणखी वाढतो. साखर पेठेत, अशोक चौकाच्या परिसरात किंवा अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, ती घरी ‘इरवै ऐदु’ ऐकतात, आणि कन्नड बोलणाऱ्या घरातली मुले ‘इप्पत्तैदु’ ऐकतात. या दोन्ही भाषांत वीस आधी येतात व पाच नंतर, म्हणजे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच राहतो. अशा मुलाला मराठी वर्गात संख्या उलट ऐकून सरळ लिहायची असते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘तीस दोन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा राज्यभर त्याची टिंगल झाली. त्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण खरी आहे आणि ती मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे.

हा घटक ज्या आठवड्यात चालतो त्या आठवड्यात घरी कोणाला काय ठाऊक असते? मुलाने 52 लिहिले की वडील रागावतात, मोठी बहीण खोडरबराने खोडून स्वतःच 25 लिहून देते, आणि वहीत सगळे बरोबर दिसू लागते. त्याऐवजी शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर सोमवारी एवढेच लिहिलेले असावे: ‘पहिली. या आठवड्यात 21 ते 39 या संख्या. मूल अंक उलटे लिहील, रागावू नये. घरी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून दोन गठ्ठे व पाच सुट्या काड्या मोजायला द्याव्यात. मुलाने तेलुगूत किंवा कन्नडमध्ये मोजले तरी चालेल.’ हे वाचलेला पालक त्या आठवड्यात मुलाचे जे भले करू शकेल, ते महिनाभराच्या शिकवणीने होणार नाही. सोलापुरातील कितीतरी आया विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, मोजताना गठ्ठ्यांत मोजणे ही त्यांच्या हाताची रोजची सवय असते. यंत्रमागावरचे वडील टॉवेल डझनावारी मोजतात. दशकाचा गठ्ठा काय असतो, हे या आईवडिलांना कोणी शिकवावे लागत नाही. आज वर्गात त्याचीच गरज आहे, एवढे मात्र कोणीतरी त्यांना सांगितले पाहिजे.

परिसर अभ्यासाचीही तीच गोष्ट आहे. जानेवारीत मुलांना सोलापूरच्या हुतात्म्यांविषयी सांगितले जाते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा कारागृहात फाशी दिली गेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत संक्रांतीची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. यात्रेला तर घरोघरचे लोक मुलांना घेऊन जातातच. वर्गात काय चालले आहे हे कळले, तर जाता-येता चार हुतात्मा पुतळ्यांपाशी पाच मिनिटे थांबता येईल, आणि पुतळ्याखालची नावे मुलाला स्वतः वाचायला लावता येतील.

फळ्यावरचे मराठी सगळ्यांनाच वाचता येईल असे नाही, याची मला जाणीव आहे. त्यासाठी त्याच चार ओळी शिक्षकांनी किंवा एखाद्या पालकाने मराठीत आणि तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत बोलून गटावर पाठवाव्यात. आवाजाचा निरोप विड्या वळतानाही ऐकता येतो. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले आणि त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ मोबाइलपर्यंत पोहोचण्याची वाट त्यामुळे तयार झाली आहे. कोणत्या आठवड्यात कोणत्या पाठाकडे वळायचे, हे सांगण्याचे काम मात्र वर्गशिक्षकच करू शकतात.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींची नाराजी मला आधीच दिसते आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांनी ते आधीच वैतागलेले आहेत, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की यासाठी नवे अ‍ॅप, नवा नमुना किंवा वरिष्ठांकडे पाठवायचा अहवाल अजिबात सुरू करू नये. टाचणातल्या चार ओळी सोप्या भाषेत सांगायच्या आणि त्या चौथीतल्या मुलांनी आळीपाळीने फळ्यावर लिहायच्या. त्यांचे शुद्धलेखनही त्यातून होईल. पालक या ओळींचा गृहपाठ करून मुलांना घोटत बसतील, अशी दुसरी भीती काहींना वाटते. ती मला पूर्णपणे निराधार वाटत नाही. म्हणूनच त्या ओळींत पानांचे आकडे नसावेत, आणि घरी करायची गोष्ट एकच व खेळासारखी असावी. पालक आज मुलांना घोटतात ते बहुतेक वेळा दुसरे काय करावे हे न सुचल्यामुळे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशी कायद्यात तरतूद आहे. या समितीच्या पुढच्या सभेत कोणत्याही पालक सदस्याला हा विषय मांडता येईल आणि त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी निदान एवढे स्पष्ट करावे, की असा फळा लावणाऱ्या शाळेकडून त्याबद्दल कोणतीही वेगळी नोंद मागितली जाणार नाही. सुरुवात पहिली आणि दुसरीपासून करावी, कारण तिथले अडलेले मूल आपण अडलो आहोत हे घरी येऊन सांगू शकत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सोलापूर