मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र : रांग दाखवा, चिठ्ठ्या मोजा

मा. मुख्य निवडणूक आयुक्त, भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली यांस
सादर नमस्कार.

आमच्या मतदान केंद्राबाहेर २० नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी लागलेल्या रांगेचे चित्रण पाहायला मिळावे, या माझ्या अर्जाला गेल्या आठवड्यात दोन ओळींचे उत्तर आले : नियमानुसार देता येत नाही. आपल्या व्यापात व्यत्यय आणतो याबद्दल क्षमस्व. परंतु तो नियम विधानसभेच्या निकालाला महिना व्हायच्या आत, २० डिसेंबरला बदलला गेला, एवढे लिहायचे बहुधा राहून गेले.

मी सेवानिवृत्त शिक्षक, अनेक निवडणुकांतला केंद्राध्यक्ष. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणीची ५० अभिरूप मते टाकायची, मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटची बेरीज व्हीव्हीपॅटमधून पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांशी ताडायची, त्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या आणि रात्री साहित्य जमा झाल्याची पावती मिळेपर्यंत बाकावर डुलक्या काढायच्या, हे सारे रक्तदाब आणि मधुमेह सांभाळत केले. केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब लिहायच्या नमुना १७-क मध्ये एका मताचा फरक पडला असता तर नोटीस माझ्याच नावाने निघाली असती. आज मात्र राज्यातले संध्याकाळी पाचचे ५८.२२ टक्के मतदान शेवटी ६६.०५ कसे झाले, म्हणजे पाऊण कोटीच्या आसपास मतांचा हिशेब विचारला की मी संशयखोर ठरतो. सहाला रांगेत असलेल्यांना टोकन देतात, हे मला शिकवू नये. ती मीच वाटली आहेत, आणि म्हणूनच रांग पाहायची होती. त्यावर आपण पत्रकार परिषदेत आया, सुना, मुलींचे चित्रण द्यायचे का, असा सवाल केलात! कोणी कोणाला मत दिले, हे मी कुठे विचारले होते?

यंत्रात घोटाळा झालाच, असे माझे म्हणणे नाही. पण चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखवायची, मतदारसंघातल्या सरासरी साडेतीनशे केंद्रांपैकी पाचांच्याच चिठ्ठ्या मोजायच्या आणि पराभूत उमेदवाराने शंका काढली तर यंत्रांच्या एका संचामागे (२०२४ मध्ये) ४०,००० रुपये अधिक जीएसटी भरून घ्यायचा, याला पडताळणी म्हणत असाल, तर आम्हीही गठ्ठ्यातले चार पेपर तपासून वर्गाचा निकाल लावला असता. सोलापूर जिल्ह्यातले मारकडवाडीकर निकालावर शंका आल्याने कागदावर शिक्के मारून स्वतःची खातरजमा करायला निघाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला जमावबंदी आणि गुन्हे आले. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा आणि व्यवस्थेने मात्र आम्हाला कसलाच पुरावा द्यायचा नाही, ही कुठली रीत?

सर्व केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात, प्रत्येक केंद्राचा १७-क जाहीर करावा आणि माझ्या अर्जाचा फेरविचार व्हावा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत तर चिठ्ठीच नाही. तो विषय राज्य निवडणूक आयोगाचा आहे, हे उत्तर कृपया पाठवू नये, ते मला पाठ आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्राध्यक्ष